डाल्टन ट्रंबोच्या मागे सात दिवस : बोल्डर, ग्रँड जंक्शन, लॉस एंजेलिस

दिवस पहिला – बोल्डर

ताईकडे डेन्व्हरला आले ती खरं तर तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, तीन आठवडे तिची सेवा झाली, ती काठी न घेता जिना उतरायला लागली आणि मग जिजाजींनीच विषय काढला की आता तू कुठे तरी फिरून ये, ग्रँड कॅन्यनला जा, यलोस्टोनला जा. मी म्हटलं मला बोल्डरला जायचंय, एक कारंजं बघायला. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मग सांगावं लागलं.

मी सिरियल लिहिते, सोळा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या नावावर लिहीत होते, एका खूप चाललेल्या मालिकेचे चाळीसहून जास्त एपिसोड माझे आहेत आणि त्यातल्या एकाच्याही टायटल्समध्ये मी नाही. आई रोज साडेसातला टीव्हीसमोर बसायची, टायटल्स संपेपर्यंत हलायची नाही, आणि मग काही न बोलता उठून पोळ्या करायला जायची. त्या काळात कोणीतरी मला डाल्टन ट्रंबोबद्दल सांगितलं, की हॉलिवूडमध्ये एक लेखक होता ज्याला दोन ऑस्कर मिळाले आणि दोन्ही दुसऱ्याच नावांनी मिळाले. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तर बोल्डर. डेन्व्हरपासून गाडीने पाऊण तास. युनिव्हर्सिटी ऑफ कोलोरॅडोचा कॅम्पस, पिवळसर लालसर दगडाच्या इमारती, वर लाल कौलं आणि मागे फ्लॅटआयर्न्सचे ते तिरपे उभे केल्यासारखे कातळ. युनिव्हर्सिटी मेमोरियल सेंटरच्या बाहेर ते कारंजं आहे, गोल, भोवती बसायला पायऱ्या, पोरं डबे खात बसलेली, कोणी लॅपटॉप घेऊन. या जागेचं नाव डाल्टन ट्रंबो फाउंटन कोर्ट. ट्रंबो इथे शिकायला आला १९२४ साली आणि एकच वर्ष टिकला, घरचे पैसे संपले म्हणून सोडून गेला. आणि १९९३ मध्ये, म्हणजे तो जाऊन सतरा वर्षं झाल्यावर, विद्यार्थ्यांनी मागे लागून लागून या कारंज्याला त्याचं नाव द्यायला लावलं. डिग्री पण न घेतलेल्या माणसाचं नाव, तेही भाषणस्वातंत्र्यासाठी. इथे आजही पोरं सभा घेतात, निदर्शनं करतात.

मी तासभर बसले. ताईने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. जिजाजी म्हणाले, एवढंच बघायचं होतं? मी हो म्हटलं, पण मनात ट्रंबोचं गाव ग्रँड जंक्शन पक्कं झालं होतं. रात्री तिकीट काढलं.

दिवस दुसरा – ट्रेन

डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून सकाळी कॅलिफोर्निया झेफिर सुटते. ही ट्रेन शिकागोवरून येते आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला जाते, मला मधेच उतरायचं होतं, आठेक तासांचा प्रवास. ज्यांना शक्य आहे त्यांनी हा प्रवास नक्की करा, कारने नका जाऊ. वरच्या मजल्यावर काचेचा डबा आहे, तिथे जागा मिळाली की उठूच नका. आधी गाडी डोंगर चढत चढत वळणं घेते, बोगद्यामागून बोगदे, आपल्या कर्जत–खंडाळ्याची आठवण येते, आणि मग येतो मॉफट टनेल, सव्वासहा मैलांचा, दहाएक मिनिटं मिट्ट काळोख. हा बोगदा १९२८ ला सुरू झाला, म्हणजे ट्रंबोच्या घरचे गाव सोडून गेल्यानंतर. पलीकडे गेलात की नदी सोबतीला येते ती शेवटपर्यंत.

या नदीची गंमत मला तिथेच कळली. हिला आज आपण कोलोरॅडो म्हणतो पण १९२१ पर्यंत तिच्या या वरच्या भागाचं नाव ग्रँड नदी होतं. कायदा करून नाव बदललं. ग्रँड आणि गनिसन या दोन नद्या मिळतात म्हणून गाव ग्रँड जंक्शन, नदीचं नाव गेलं, गावाचं राहिलं. ट्रंबो तेव्हा पंधरा वर्षांचा, म्हणजे तो ज्या नदीकाठी वाढला तिचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत बदललं. मी हे वहीत लिहून ठेवलं.

त्याचा जन्म माँट्रोजचा, ९ डिसेंबर १९०५, आणि तो तीनेक वर्षांचा असताना आईवडील ग्रँड जंक्शनला आले. वडील ऑरस चपला-बुटांच्या दुकानात नोकरीला, हातात पैसा कधीच नाही, पण परसात भाजी लावायचे, मधमाश्या पाळायचे. पुढे पोराने जेव्हा कादंबरी लिहिली तेव्हा त्यात बापाचं जे चित्र आलंय, की जगाच्या हिशोबाने हा माणूस नापास पण घरात खायला सगळं ताजं आणि चांगलं, ते वाचताना माझ्या आजोबांची आठवण येते, ते पण दुकानातच नोकरीला होते.

ग्लेनवूड कॅन्यनमध्ये गाडी नदीला अगदी लगटून जाते, दोन्हीकडे उभे कडे. तिथे रेंज गेली. त्याच्या आधी मी मुंबईहून आलेले दोन एपिसोड फोनवर तपासत होते, माझ्याकडे लिहायला दोघी मुली आहेत, मी सीन बांधून देते, संवाद त्या लिहितात आणि मी हात फिरवते. चांगल्या लिहितात. त्यातल्या धाकटीने सासऱ्यांच्या तोंडी एक वाक्य लिहिलं होतं, की घर विकलं तरी उंबऱ्याची सवय विकता येत नाही, मी ते तसंच ठेवलं आणि मग रेंज गेली आणि मी बाहेर बघत बसले.

पॅलिसेड आलं तसा डोंगर मागे सरला आणि पीचच्या बागा दिसायला लागल्या. मग ग्रँड जंक्शन. स्टेशनबाहेर उन्हाचा चटका, कोरडी हवा, लांबवर तो पुस्तकाच्या कपाटासारखा सरळ कापलेला डोंगर. हॉटेलवर जाऊन झोपले.

दिवस तिसरा – ग्रँड जंक्शन

मेन स्ट्रीट म्हणजे गावाचा लक्ष्मी रोड, पण शांत, वळणावळणाचा, झाडं लावलेली, आणि जागोजागी शिल्पं उभी केलेली. अ‍ॅव्हलॉन थिएटरसमोर तो आहे. ब्राँझचा ट्रंबो, ब्राँझच्या बाथटबमध्ये, उघडा, लिहीत बसलेला.

हे उगाच नाही. तो खरंच टबात बसून लिहायचा, पाठदुखीमुळे, रात्र रात्रभर, टबावर आडवी फळी टाकून त्यावर कागद, तोंडात सिगारेट. त्याची मुलगी मिट्झी हिने काढलेला तसा एक फोटो प्रसिद्ध आहे, लेखकांवर काही वाचलं असेल तर तुम्ही तो नक्की बघितला असणार. हा पुतळा २००७ ला बसवला. आणि ज्या थिएटरसमोर तो बसवलाय ते उघडलं १९२३ साली, तेव्हा ट्रंबो सतरा वर्षांचा होता आणि हायस्कूलमध्ये असतानाच डेली सेंटिनेल या इथल्या पेपरात बातम्या लिहायचा, कोर्ट, शाळा, मयतीच्या बातम्या, जे मिळेल ते. पेपर अजून निघतो, मी एक अंक घेऊन ठेवला.

आता खरी गोष्ट. हे गाव याच माणसावर अनेक वर्षं चिडून होतं. १९३५ मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, एक्लिप्स, ती पण आधी लंडनमध्ये छापली. त्यात शेल सिटी नावाचं गाव आहे, पण ते कोणतं हे वाचणाऱ्याला पहिल्या पानात कळतं, आणि त्यातला मुख्य माणूस, मोठ्या दुकानाचा मालक, गावाला भरभरून देणारा, मंदीत त्याचं सगळं जातं आणि ज्यांना त्याने दिलं तेच गाव पाठ फिरवतं. हा माणूस खरा होता, मोयर नावाचा, त्याने गावाला पोहण्याचा तलाव बांधून दिला होता, त्याची बँक मंदीत बुडाली. आणि बाकीची पात्रं पण लोकांनी ओळखली, हा वकील म्हणजे अमका, ती बाई म्हणजे तमकी. छोट्या गावात असं पुस्तक आलं की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. माझ्या मते त्याने काही गावाची निंदा केलेली नाही, त्याने एका माणसाची बाजू घेतलीय ज्याची बाजू तेव्हा कोणीच घेतली नाही, पण राग यायचा तो आलाच. आणि तरी पुढे याच मेसा काउंटीच्या लायब्ररीच्या लोकांनी ती कादंबरी पुन्हा छापली, आणि आता हा टबात बसलाय गावाच्या मधोमध. सत्तर वर्षं लागली.

मी एका आजोबांना पुतळ्यासोबत माझा फोटो काढायला सांगितला. ते म्हणाले यू नो हू ही वॉज? मी सांगायला लागले तर थांबेचना. ते शेजारच्या बाकावर बसून सगळं ऐकत राहिले, शेवटी म्हणाले, माझी आई ते पुस्तक घरात येऊ द्यायची नाही.

माँट्रोज तिथून साठेक मैल, पण माझ्याकडे गाडी नव्हती, राहिलं. दुपारी पीच खाल्ले, इतके रसाळ की मनगटापर्यंत ओघळ. संध्याकाळी दोन नद्या मिळतात तिकडे जाऊन आले.

दिवस चौथा – लॉस एंजेलिस

अख्खा दिवस विमानतळांवर गेला, मधे गाडी बदलतात तसं विमान बदलून रात्री एलएला पोचले. भाची घ्यायला आली होती, यूएससीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाला, मास्टर्स करतेय. ‘मावशी, तू हॉलिवूड बघायला आलीस की मेलेला लेखक बघायला?’ म्हणाली. मी म्हटलं लेखकच बघायचाय, आणि आधी मला बेकरीबद्दल सांगू दे.

१९२५ मध्ये ट्रंबो कुटुंब इथे आलं आणि पुढच्याच वर्षी वडील वारले. वीस वर्षांचा पोरगा, आई, दोन लहान बहिणी. त्याने डेव्हिस परफेक्शन बेकरीत रात्रपाळी धरली, पाव गुंडाळायच्या कामाला, तात्पुरती म्हणून, आणि आठ वर्षं तिथेच राहिला. रात्री पाव, दिवसा लिखाण. कथा, कादंबऱ्या, सगळं परत येत होतं. मग मासिकांत लेख छापून यायला लागले, १९३४ मध्ये वॉर्नर ब्रदर्समध्ये रीडरची नोकरी मिळाली, म्हणजे आलेल्या गोष्टी वाचून सारांश लिहायचा, आठवड्याला पस्तीस डॉलर. १९३६ मध्ये पहिला सिनेमा. १९४० च्या किटी फॉइलसाठी ऑस्करचं नॉमिनेशन. आणि चाळीसच्या दशकाच्या मध्यावर हा माणूस एमजीएम स्टुडिओकडून आठवड्याला तीन हजार डॉलर घेत होता, हॉलिवूडमधल्या सगळ्यात महाग लेखकांपैकी एक.

मधे १९३९ मध्ये जॉनी गॉट हिज गन आली, ३ सप्टेंबरला, युरोपात युद्ध सुरू होऊन दोन दिवस झाले होते. पहिल्या महायुद्धात हातपाय, चेहरा, सगळं गमावलेला एक पोरगा, फक्त विचार करू शकतो, आणि शेवटी उशीवर डोकं आपटून मोर्सच्या खुणांनी बोलायचा प्रयत्न करतो. तो पोरगा कुठला? शेल सिटीचा. काम कुठे करायचा? एलएच्या बेकरीत.

भाची गाडी चालवताना गप्प झाली. मग म्हणाली उद्या तुला आमच्या कॅम्पसवर एक जागा दाखवते.

दिवस पाचवा – बाकं आणि लायब्ररी

यूएससीच्या कॅम्पसवर, फिशर म्युझियमच्या जवळ, जेनी होल्झर या कलावंत बाईंनी १९९९ मध्ये केलेलं काम आहे, ब्लॅकलिस्ट नावाचं, म्हणजे कम्युनिस्ट म्हणून ज्यांना स्टुडिओंनी काम द्यायचं बंद केलं त्यांची यादी. दगडी बाकं, आणि त्यांवर हॉलिवूड टेनमधल्या लोकांचे, म्हणजे उत्तर द्यायला नकार देऊन तुरुंगात गेलेल्या ट्रंबोसकट दहा जणांचे शब्द कोरलेले. पोरं त्यांवर बसून कॉफी पितात. भाची म्हणे मी वर्षभर इथे बसतेय, वाचलं नव्हतं कधी.

आम्ही दोघी तिथे दोन तास बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं, ते थोडक्यात इथे सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऑक्टोबर १९४७, वॉशिंग्टन, संसदेची कमिटी हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधतेय. ट्रंबो १९४३ पासून पक्षाचा सभासद होता, ते खरंच आहे, लपवण्यासारखं काही नाही, आणि पक्ष हा काही बेकायदेशीर नव्हता. २८ ऑक्टोबरला त्याला बोलावलं. तो सोबत आपल्या वीस पटकथा घेऊन गेला, म्हणाला या रेकॉर्डवर घ्या आणि दाखवा यात देशद्रोह कुठे आहे. अध्यक्ष पार्नेल थॉमस म्हणाले, पानं फार आहेत. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडू आलं होतं. लेखकाने काय लिहिलंय ते कोणी वाचायलाच तयार नाही, फक्त तो कोण आहे ते हवंय.

प्रश्न दोनच होते, गिल्डचे, म्हणजे लेखकांच्या संघटनेचे सभासद आहात का आणि कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात किंवा होतात का. दहा जणांनी पाचवी घटनादुरुस्ती वापरली असती, की स्वतःविरुद्ध बोलणार नाही, तर कदाचित तुरुंग टळला असता. पण ते पहिल्या दुरुस्तीवर उभे राहिले, की माझं मत काय हे विचारायचा तुम्हाला अधिकारच नाही. त्यांना वाटत होतं सुप्रीम कोर्टात आपण जिंकू. १९४९ च्या उन्हाळ्यात मर्फी आणि रटलेज हे दोन उदारमतवादी न्यायाधीश एकापाठोपाठ वारले, आणि १९५० मध्ये कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. ट्रंबोला एक वर्षाची शिक्षा, त्यातले दहा महिने त्याने केंटकीतल्या अ‍ॅशलंडच्या तुरुंगात काढले. आणि ते अध्यक्ष थॉमस? त्यांना पगारात घोटाळा केला म्हणून शिक्षा झाली आणि ते डॅनबरीच्या तुरुंगात, त्याच दहांमधल्या दोघांसोबत.

भाचीने विचारलं, म्हणजे हा हिरो. मी तिला दुसरी गोष्ट पण सांगितली, ती सांगितली नाही तर मी खोटं लिहिलं असं होईल. युद्ध चालू असताना जॉनीची प्रत मिळत नव्हती आणि ट्रंबोला नाझींकडे झुकलेल्या लोकांची पत्रं यायला लागली, की हे युद्धविरोधी पुस्तक आम्हाला द्या. त्याने ती पत्रं एफबीआयला कळवली. माणसं आली, पण त्यांना त्या पत्र लिहिणाऱ्यांपेक्षा ट्रंबोच जास्त महत्त्वाचा वाटला. नंतर त्याला या गोष्टीचा पस्तावा झाला, पण केलं होतं. त्याने स्वतः नावं दिली होती, आणि पुढे स्वतःबद्दल उत्तर द्यायला नकार दिला म्हणून तो तुरुंगात गेला. मला या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय हा माणूस पूर्ण वाटत नाही.

दुपारी थर्ड आणि फेअरफॅक्सच्या कोपऱ्यावर, फार्मर्स मार्केटच्या समोर, रायटर्स गिल्डच्या इमारतीत त्यांच्या फाउंडेशनची लायब्ररी आहे, तिकडे गेले. कोणीही जाऊन पटकथा वाचू शकतं, फुकट, फक्त कॉपी काढायची नाही. आपल्याकडे असं काही हवं असं फार वाटलं, आपल्याकडे जुन्या मराठी सिनेमांच्या पटकथा रद्दीत गेल्या. आज इथे सिनेमावर लेखक म्हणून कोणाचं नाव लागणार हे प्रोड्यूसर नाही, गिल्ड ठरवते, वाद झाला तर तीन लेखक सगळे मसुदे वाचून निर्णय देतात. पण हीच गिल्ड त्या काळात इतकी घाबरली होती की स्टुडिओंना परवानगी देऊन बसली, ब्लॅकलिस्टवरच्या माणसाचं नाव खुशाल गाळा म्हणून. १९५६ ला फ्रेंडली पर्सुएजन हा सिनेमा लेखकाचं नावच न लावता आला, मायकेल विल्सनने लिहिलेला. नाव नाही म्हणजे नाही, पडद्यावर ती ओळच नाही.

मी तिथे बसून पटकथांची पहिली पानं नुसती बघत राहिले. मधे नाव, खाली तारीख.

दिवस सहावा – पँटेजिस

हॉलिवूड बुलेव्हार्डवर गर्दी, फुटपाथवरचे तारे, स्पायडरमॅनचे कपडे घातलेले लोक, त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय. मी सरळ पँटेजिस थिएटरपाशी गेले. १९३० चं, आता तिथे नाटकं होतात, म्युझिकल्स. पन्नासच्या दशकात ऑस्कर इथे व्हायचे.

तुरुंगातून सुटल्यावर ट्रंबो बायको क्लिओ आणि तीन मुलांना घेऊन मेक्सिको सिटीला गेला, काम मिळेना, पैसे संपले, १९५४ ला परत आला. पण लिहिणं कधीच थांबवलं नाही. किंग ब्रदर्स म्हणून स्वस्तातले सिनेमे काढणारे भाऊ होते, त्यांच्यासाठी तुरुंगात जायच्या आधीच गन क्रेझी लिहिला होता, पावणेचार हजार डॉलरला, जो माणूस दीड आठवड्यात त्याहून जास्त कमवायचा. नाव लागलं मिलर्ड कॉफमनचं. याला फ्रंट म्हणतात, म्हणजे लिहिणार एक आणि समोर उभा राहणार दुसरा. रोमन हॉलिडेला फ्रंट होता त्याचा मित्र इयन मॅक्लेलन हंटर. १९५३ चा सिनेमा, आपल्याकडे सगळ्यांच्या आईबाबांनी बघितलेला, राजकन्या, स्कूटर, रोम. त्याला कथेसाठी ऑस्कर मिळालं, ते हंटरच्या हातात गेलं.

आणि मग मार्च १९५७, हे थिएटर. मेक्सिकोत बघितलेल्या बैलाच्या खेळातून ट्रंबोला एक गोष्ट सुचली होती, एका लहान मुलाचा वाढवलेला बैल आखाड्यात इतका लढतो की त्याला माफी मिळते. द ब्रेव्ह वन. लेखक म्हणून नाव लावलं रॉबर्ट रिच, किंग बंधूंच्या भाच्याचं. आणि ऑस्कर रॉबर्ट रिचला जाहीर झालं. कोणी उठलंच नाही. गिल्डच्या वतीने जेसी लॅस्की ज्युनियर वर गेले आणि म्हणाले माझा मित्र रिच बायकोच्या बाळंतपणासाठी हॉस्पिटलमध्ये आहे. दुसऱ्या दिवसापासून पेपरवाले रॉबर्ट रिच शोधायला लागले, आणि ट्रंबोने त्याचा पुरेपूर उपयोग केला. विचारलं की हो पण म्हणायचा नाही, नाही पण म्हणायचा नाही, वर अजून दोन-चार लेखकांची नावं सुचवायचा. मला वाटतं ब्लॅकलिस्ट तिथे मोडली. लोकांना कळलं की चांगले सिनेमे तर हेच लिहितायत, मग बंदी कोणावर आहे.

१९६० च्या जानेवारीत ओटो प्रेमिंजरने जाहीर केलं की एक्सोडस ट्रंबोने लिहिलाय आणि त्याचं नाव लागेल. कर्क डग्लसच्या स्पार्टाकसवरही नाव लागलं, जो लिहिताना तो सॅम जॅक्सन होता. नाव द्यायचं धाडस आधी कोणी केलं यावर नंतर वाद झाले, मला त्यात पडायचं नाही, दोघांनी केलं हे महत्त्वाचं. स्पार्टाकस बंद पाडा म्हणून लोक उभे राहिले, नवे निवडून आलेले केनेडी तो बघायला गेले. आणि ऑक्टोबर १९६० मध्ये स्पार्टाकस एलएला जिथे लागला ते थिएटर हेच, पँटेजिस. रॉबर्ट रिचचं नाव पुकारलं आणि खुर्ची रिकामी राहिली त्याला साडेतीन वर्षं झाली होती, त्याच छताखाली पडद्यावर आलं डाल्टन ट्रंबो. मी बाहेरच्या फुटपाथवर उभी होते, आत जायला तिकीट नव्हतं, पण मला छत दिसत होतं असं वाटलं. भाचीने माझा हात धरला.

ब्रेव्ह वनचं ऑस्कर त्याला १९७५ ला घरी आणून दिलं, पुढच्या वर्षी १० सप्टेंबरला तो गेला. रोमन हॉलिडेचं ऑस्कर १९९३ ला क्लिओने घेतलं. आणि पटकथेचं क्रेडिट गिल्डने परत दिलं २०११ मध्ये. अठ्ठावन्न वर्षांनी.

दिवस सातवा – हायलंड पार्क

शेवटचा दिवस, रात्रीचं विमान. मेक्सिकोहून परत आल्यावर ट्रंबो कुटुंब हायलंड पार्कमध्ये राहिलं, एलएच्या ईशान्येला, चढाची वस्ती. घरात आज दुसरे लोक राहतात म्हणून पत्ता देत नाही आणि मी दारात पण गेले नाही, खालूनच चढ चालून आले. मिट्झीला इथल्या शाळेत फार त्रास झाला, बाप तुरुंगात जाऊन आलेला म्हणून पोरं आणि त्यांच्या आया सगळ्यांनी वाळीत टाकलं, ट्रंबोने त्यावर लिहिलेलं पत्र आहे, ते वाचून कोणत्याही आईबापाचा गळा दाटेल. मुलांना घरातली सगळी खोटी नावं माहीत असायची आणि बाहेर बोलायचं नाही हे पण माहीत असायचं. फोन आला की आधी विचारायचं कोणासाठी.

१९७० मध्ये गिल्डने त्याला मोठा पुरस्कार दिला तेव्हा तो म्हणाला की त्या काळाकडे बघताना खलनायक किंवा नायक शोधू नका, सापडणार नाहीत, सगळे बळीच होते. त्याचे स्वतःचे मित्र चिडले, तुरुंगात सोबत गेलेला आल्बर्ट माल्ट्झ तर फारच. मी पण वर्षानुवर्षं माल्ट्झच्या बाजूने होते. ज्यांनी माझं नाव लावलं नाही ते काय बळी होते का? त्या चढावर उभं राहून मला माझ्या दोघी मुली आठवल्या. दीड वर्ष झालं त्या लिहितायत, मी त्यांना वेळेवर पैसे देते, चांगलं वागते, आणि टायटल्समध्ये संवाद म्हणून नाव फक्त माझं येतं. चॅनलला विचारायला हवं, प्रोड्यूसर काय म्हणेल, नंतर बघू, असं मी त्यांना तीनदा सांगितलंय. मला पण हेच सांगायचे.

कोपऱ्यावरच्या बेकरीत आम्ही पाव आणि कॉफी घेतली. काउंटरमागचा मुलगा पाव कागदात गुंडाळत होता, दोन घड्या, टोकं आत, एका सेकंदात. मी तिथे बसूनच आमच्या प्रॉडक्शनला मेसेज केला, पुढच्या सोमवारच्या एपिसोडपासून संवाद या ओळीत तीन नावं जातील, माझं शेवटी. चॅनलशी मी बोलते. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते, वाटलं सकाळी उत्तर येईल, पण पाच मिनिटांत आलं. टायटल्स बदलायला दोन दिवस लागतील, आणि धाकट्या मुलीचं आडनाव कसं लिहायचं, ऱ्हस्व की दीर्घ?

मला माहीत नव्हतं. दीड वर्षात तिचं पूर्ण नाव मी कुठे लिहिलंच नव्हतं, फोनमध्ये पण नुसतं पहिलं नाव. मी तिला फोन लावला. आधी तिला वाटलं एपिसोडमध्ये काही चुकलं, सॉरी मॅडम म्हणाली, मी कारण सांगितलं तर बराच वेळ काही बोलेचना. मग म्हणाली दीर्घ. आणि मग म्हणाली, मॅडम, नावाच्या मधे आईचं नाव टाकलं तर चालेल का?